जुन्या सायकलला नवा रंग: मोशीतल्या भट्टीपर्यंतचा प्रवास

(या भागाचं हे लेखी रूप. बोलताना अडखळलेली वाक्यं तेवढी नीट केली आहेत, बाकी बोललो तसंच.)

 

आज विषय एकदम लोखंडी आहे. मोशीतल्या कुठल्याही सोसायटीच्या पार्किंगमध्ये जा. कोपऱ्यात, पाण्याच्या टाकीच्या शेजारी, धुळीनं माखलेली एक तरी जुनी सायकल दिसेल. टायर बसलेले, सीट फाटलेलं, कॅरिअरवर कुणाचीतरी कुंडी. भंगारवाल्याला द्यायला जीव होत नाही आणि चालवायला लाज वाटते. अशी एक सायकल आमच्याकडेही होती. माझ्या बाबांची. काळी, चोवीस इंची, दांडी ब्रेकवाली. मोशी ते भोसरी एमआयडीसी, फर्स्ट शिफ्ट असो की नाइट, बाबा तिच्यावरच जायचे. मी दांडीवर बसून शाळेत गेलोय.

रिटायर झाल्यावर बाबा म्हणाले, "हिला रंग मारून दे रे. सकाळी इंद्रायणीपर्यंत जाऊन येत जाईन." मला वाटलं, त्यात काय? दोन स्प्रे कॅन आणायचे, रविवारी गच्चीवर काम संपवायचं. नशीब की तसं केलं नाही. का, ते पुढे सांगतो.

आपण राहतो कुठे, ते आधी बघा

पुण्याला एकेकाळी सायकलींचं शहर म्हणायचे हे सगळ्यांना माहीत असतं. पण सायकलच्या फ्रेमला फॅक्टरीसारखा रंग करून घ्यायचा असेल तर पुण्याच्या पेठांपेक्षा आपला पट्टा जास्त सोयीचा आहे. कारण साधं आहे. आकुर्डी, पिंपरी, चाकण इथे दुचाकी आणि मोटारी बनतात. त्यांना लागणारे ब्रॅकेट, स्टँड, पाइप, जाळ्या हे सगळं भोसरी, तळवडे, चिखली, मोशी, कुरुळीच्या छोट्या शेडमध्ये तयार होतं. आणि लोखंडाच्या प्रत्येक तुकड्याला गंजू नये म्हणून रंग लागतो. त्यामुळे इथे पावडर कोटिंगची, शॉट ब्लास्टिंगची, फॉस्फेटिंगची जॉब वर्क करणारी शेड शोधायला फार लांब जावं लागत नाही.

एक सूचना मात्र आत्ताच देतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये कुदळवाडी आणि चिखली भागात महापालिकेची मोठी अतिक्रमणविरोधी कारवाई झाली. भंगाराच्या गोदामांबरोबर बरेच छोटे वर्कशॉपही हलले. त्यामुळे कुणी जुना पत्ता सांगितला तर आधी फोन करून खात्री करा. फ्रेम खांद्यावर घेऊन रिकाम्या प्लॉटसमोर उभं राहायची वेळ येऊ नये.

पहिला प्रश्न: रंग द्यायचाच का?

हा प्रश्न कुणी विचारतच नाही. जुन्या सायकलचा मूळ रंग एकदा खरवडला की परत येत नाही. त्या काळी फ्रेमवर काळं इनॅमल मारून भट्टीत भाजायचे, वर कारागिराच्या हातानं सोनेरी रेघ ओढलेली असायची. पुढे डोक्याच्या नळीवर पितळी किंवा अ‍ॅल्युमिनियमचा बिल्ला. त्यातल्या काही कंपन्या आता सायकली बनवतही नाहीत. अ‍ॅटलसनं साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० ला बंद केला, आणि तो नेमका जागतिक सायकल दिन होता. अशा कंपनीचा मूळ बिल्ला गेला तर तसाच दुसरा मिळणं अवघड.

म्हणून आधी एक छोटा प्रयोग करा. रॉकेल किंवा डिझेलमध्ये भिजवलेल्या फडक्यानं फ्रेम पुसा. मग साबणाचं पाणी, मग कोरडं फडकं, मग गाडीचं वॅक्स. निम्म्या वेळा "गंज" म्हणून जे दिसतं ती तेलात भिजलेली धूळ निघते. खाली रंग शाबूत असेल, रेघा दिसत असतील, तर तिथेच थांबा. ती सायकल तशीच छान आहे. मूळ रंगकाम कसं असायचं ते बघायचं असेल तर कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांचं सायकल संग्रहालय आहे, एकदा जाऊन या.

रंग उडालाय, फोड आलेत, नखानं पापुद्रे निघतायत, फ्रेमवर खड्डे पडायला लागलेत, असं असेल तर मात्र रंग हवाच. तेव्हा तो शोभेसाठी नसतो, फ्रेम वाचवण्यासाठी असतो.

फ्रिजवरचं चुंबक काढा

दुसरी पायरी: फ्रेम कशाची आहे? चुंबक लावा. घट्ट चिकटलं तर स्टील. स्टीलच्या फ्रेमला ब्लास्टिंग चालतं, भट्टी चालते, सगळं चालतं.

चुंबक चिकटलं नाही तर बहुतेक अ‍ॅल्युमिनियम. त्यालाही पावडर कोटिंग होतं, पण अ‍ॅल्युमिनियमची ताकद कारखान्यात ठरावीक उष्णता देऊन आणलेली असते. एकदा भट्टीत जाणं सहसा चालतं, दर दोन वर्षांनी हौस म्हणून भाजणं चालत नाही. गोंदानं जोडलेल्या नळ्यांची जुनी अ‍ॅल्युमिनियम फ्रेम असेल तर भट्टीचं नावच काढू नका. पुढे सस्पेन्शनचा चिमटा असेल तर तो वेगळा करा, त्यातली सील आणि तेल भट्टीत टिकत नाही.

आणि कार्बनची फ्रेम असेल तर? ना ब्लास्टिंग, ना रिमूव्हर, ना भट्टी. कार्बनचे धागे ज्या राळेत बसवलेले असतात ती या सगळ्यानं खराब होते. ते काम कार्बन जाणणाऱ्या माणसाकडेच.

आता ती गोष्ट, जिच्यामुळे हा भाग केला

बाबांच्या सायकलला एक आवाज होता. चढावर जोर लावला की कट... कट... कट. कित्येक वर्षं. प्रत्येक मेकॅनिक म्हणायचा, कॉटर पिन झिजलीय. पिन बदलली की चार दिवस बरं, मग परत कट-कट. आम्हाला त्या आवाजाची इतकी सवय झाली होती की बाबा गल्लीत आले हे आई त्यावरूनच ओळखायची.

मी फ्रेम ब्लास्टिंगला दिली. दुपारी फोन आला. "दादा, या जरा. रंग थांबवलाय." गेलो. ब्लास्टिंग करणारा मुलगा, माझ्याच वयाचा, फ्रेम उलटी धरून उभा होता. रंग गेल्यावर लोखंड एकसारखं राखाडी झालं होतं, आणि खालची नळी जिथे पॅडलच्या खोबणीत शिरते तिथे केसाएवढी काळी रेघ. त्यानं नखानं दाखवलं. "ही रेघ नाही, चीर आहे. अर्ध्या नळीला फिरलीय."

म्हणजे तो कट-कट आवाज पिनचा नव्हताच. जोर लावला की चीर उघडत होती, सोडला की मिटत होती. मी स्प्रे कॅन मारले असते तर ती चीर रंगाखाली छान झाकली गेली असती, आणि बाबा पासष्टीत, सकाळच्या अंधारात, नाशिक हायवेच्या ट्रक-डंपरच्या कडेनं तीच सायकल चालवत गेले असते.

म्हणून सांगतो, रंगाच्या आधी फ्रेम तपासायची. घरीच करता येतं:

एक, जोड बघा. पॅडलची खोबण, हँडलखालची डोक्याची नळी, सीटखालचा जोड, आणि मागचं चाक बसतं त्या पट्ट्या. मोबाइलचा टॉर्च आडवा धरा. समोरून मारलेल्या उजेडात चीर दिसत नाही, तिरप्या उजेडात दिसते. रंगावर गंजाची एकच सरळ बारीक रेघ असेल तर संशय घ्या.

दोन, दोरा लावा. मागच्या पट्टीच्या एका बाजूला दोरा बांधा, पुढे डोक्याच्या नळीला वळसा घाला, परत मागे दुसऱ्या पट्टीला ताणून बांधा. आता सीटच्या नळीपासून दोन्ही बाजूंच्या दोऱ्याचं अंतर मोजा. दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर फ्रेम वाकडी आहे. ती सरळ करायची तर रंगाच्या आधी, कारण नंतर रंगाला तडे जातात.

तीन, चिमटा. पुढच्या चिमट्याला चीर असेल किंवा तो मागे वाकला असेल तर दुरुस्ती करू नका. नवा घ्या. चिमटा तुटला तर माणूस थेट तोंडावर पडतो.

चीर जोडायची कशी?

जुन्या रोडस्टर फ्रेमच्या नळ्या वेल्डिंग केलेल्या नसतात. नळ्या एका सांध्यात घालून वितळलेल्या पितळेनं जोडलेल्या असतात. याला ब्रेझिंग म्हणतात. आपल्याकडचे लोक त्याला "गॅसवर पितळ मारणं" म्हणतात. अशा जोडावर साध्या आर्क वेल्डिंगचा रॉड लावला तर पितळ लोखंडाच्या कणांमध्ये शिरतं आणि जोड ठिसूळ होतो. वरून मजबूत दिसतो आणि शेजारीच परत चिरतो. म्हणून गॅसवर काम करणारा जुना माणूस शोधा आणि "पितळच मारा" असं स्पष्ट सांगा.

आमचा जोड तसाच झाला. ब्रेझिंगनंतर जोडाभोवती काचेसारखा थर राहतो. तो फ्लक्सचा. तो गरम पाण्यानं आणि ब्लास्टिंगनं पूर्ण काढावा लागतो. नाहीतर त्यावरचा रंग काही महिन्यांत फुगतो. त्यामुळे आमची फ्रेम ब्लास्टिंगला दोनदा गेली. दुसऱ्यांदा त्या मुलानं पैसे घेतले नाहीत. आणि नळीच्या मधोमध चीर असती तर? मग जोडत बसायचं नाही. नळी बदलायची, नाहीतर फ्रेम भिंतीवर टांगायची.

सायकल मोकळी करताना

कोटिंगवाल्याकडे फक्त नागडी फ्रेम आणि चिमटा न्यायचा. छर्रे, कप, एक्सल, काही ठेवायचं नाही. ग्रीस राहिलं की ते भट्टीत वितळून बाहेर येतं आणि रंगावर डाग पाडतं.

काढायच्या आधी मोबाइलवर फोटो काढा, प्रत्येक वॉशरचा. नंतर कळत नाही कुठला कुठे होता. सीटचा दांडा अडकला असेल तर गंज सोडवणारं तेल टाकून रात्रभर ठेवा, हातोड्याची घाई नको. आणि दोन उलटे आटे लक्षात ठेवा: डावं पॅडल आणि चेनच्या बाजूचा कप. हे दोन्ही उलट्या दिशेनं उघडतात. इथे जोर लावून आटे खाल्लेले मी बघितलेत, आणि एक तर मीच खाल्लाय.

बिल्ला रिव्हेटवर असेल तर रिव्हेट ड्रिलनं कापून बिल्ला जपून ठेवा. फ्रेमवर ठोकलेला नंबर शोधा, बहुतेक सीटच्या नळीवर किंवा पॅडलच्या खोबणीखाली असतो. त्याचा फोटो घ्या आणि कोटिंगवाल्याला सांगा की इथे थर जाड नको, नाहीतर नंबर बुजतो.

जुना रंग काढायचे तीन रस्ते

पॉलिश पेपरनं घासणं, रसायनानं किंवा अ‍ॅसिडनं काढणं, आणि ब्लास्टिंग.

पॉलिश पेपर घरी चालतो, पण कोरडा घासू नका. जुन्या रंगात शिसं असण्याची शक्यता असते. आपल्याकडे घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाचं प्रमाण ९० पीपीएमपर्यंत मर्यादित ठेवणारा नियम २०१६ मध्ये आला आणि २०१७ पासून लागू झाला. तुमच्या आजोबांच्या सायकलला हा नियम कुठून माहीत असणार? पाणी लावून घासा, मास्क लावा, लहान मुलांना लांब ठेवा, आणि तो चिखल कुंडीत ओतू नका.

अ‍ॅसिडच्या टाकीत फ्रेम स्वच्छ होते खरी, पण सायकलची फ्रेम म्हणजे पोकळ नळ्यांचा चक्रव्यूह. अ‍ॅसिड सांध्यांत शिरतं, नीट धुतलं जात नाही, आणि दोन महिन्यांनी जोडाच्या कडेनं पिवळं पाणी गळायला लागतं. म्हणून पोकळ, जोडवाल्या फ्रेमला मी ब्लास्टिंगच सुचवेन. बारीक ग्रिट, कमी प्रेशर. ट्रकच्या चेसिसला मारतात तसं मारलं तर पातळ नळीला खळगे पडतात.

इथे थोडं थांबून एक सांगतो. साध्या वाळूनं ब्लास्टिंग केलं की सिलिकाची धूळ उडते. ती फुप्फुसात बसते, सिलिकोसिस होतो, आणि तो बरा होत नाही. ज्या मुलानं बाबांची चीर पकडली तोही दिवसभर त्याच धुळीत उभा असतो. म्हणून शेड निवडताना बघा: स्टील ग्रिट किंवा अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड वापरतात का, ब्लास्टिंग बंद केबिनमध्ये होतं का, माणसाच्या डोक्यावर हवा पुरवणारं हेल्मेट आहे की नुसता रुमाल बांधलाय. पन्नास रुपये कमी घेणारा रुमालवाला असेल तर ते पन्नास रुपये त्याच्या छातीतून वजा होतायत.

पावडर कोटिंग म्हणजे नेमकं काय?

ब्लास्टिंग झालेलं लोखंड उघडं असतं. पावसाळ्यात तर काही तासांत त्यावर तांबूस झाक येते. घामाचा हात लागला तरी बोटांचे ठसे गंजतात. म्हणून ब्लास्टिंग आणि कोटिंग त्याच दिवशी व्हायला हवं, शक्यतो एकाच आवारात. जमलं तर दिवाळीनंतर काम काढा, हवा कोरडी असते.

मोठ्या शेडमध्ये "सेव्हन टँक" हा शब्द ऐकू येईल. सात टाक्या: तेल काढणं, धुणं, गंज काढणं, धुणं, फॉस्फेटिंग, धुणं, आणि शेवटी पॅसिव्हेशन. यातली फॉस्फेटची पायरी महत्त्वाची. लोखंडावर बारीक स्फटिकांचा खरखरीत थर बसतो आणि रंग त्याला पकडून राहतो. तुमची फ्रेम ब्लास्ट झालेली असेल तर गंज काढायच्या अ‍ॅसिडची टाकी वगळायला सांगा. बाकीचं झालं तर उत्तमच.

मग फ्रेम हुकला टांगतात. पावडर म्हणजे पिठासारखा कोरडा रंग, पातळ करायला थिनर नाही. गनमधून निघताना त्याच्या कणांना हजारो व्होल्टचा विद्युतभार मिळतो. फ्रेम अर्थ केलेली असते, त्यामुळे कण तिच्याकडे ओढले जातात, अगदी नळीच्या मागच्या बाजूलाही. केसांवर घासलेल्या फुग्याला कागदाचे कपटे चिकटतात ना, तसं. मग भट्टी. साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअसला दहा ते वीस मिनिटं. पीठ वितळतं, पसरतं आणि पक्कं होतं. यात एक बारकावा: हे तापमान लोखंडाचं असायला हवं, भट्टीतल्या हवेचं नाही. घाईत कमी भाजलेला रंग दिसतो चकचकीत आणि पहिल्या दगडाला टवका उडतो.

"भट्टीत जोड सुटणार नाही का?" असं बाबांनी विचारलं होतं. नाही. ब्रेझिंगचं पितळ वितळायला जवळपास ९०० अंश लागतात. भट्टी त्याच्या आसपासही जात नाही.

पावडरच्याही मर्यादा आहेत. सांध्यांच्या आतल्या खोल कोपऱ्यात विद्युतभारामुळे पावडर नीट शिरत नाही, तिथे थर पातळ राहतो. अनुभवी माणूस तिथे आधी मारतो, मग बाकी फ्रेम. दुसरं, फ्रेमला पोचा असेल आणि त्यात लांबी भरलेली असेल, तर ती भट्टीत तडकते, फुगते. पोचे भरायचेच असतील तर पावडर विसरा आणि ओल्या रंगाकडे जा.

ओला रंग कधी?

डेंटिंग-पेंटिंगवाल्या चांगल्या गॅरेजमध्ये एपॉक्सी प्रायमर, त्यावर पीयू रंग, त्यावर क्लिअर कोट, असं काम होतं. पोचे बुजवता येतात, हवी ती छटा मिळते, सोनेरी रेघ ओढता येते आणि वरून क्लिअरनं झाकता येते. कार्बनलाही हाच रस्ता. तोटा असा की टणकपणात चांगली पावडर सहसा पुढे असते, आणि पीयू वरून वाळला तरी आतून पक्का व्हायला काही दिवस लागतात. आठवडाभर तरी क्लॅम्प आवळू नका. आणि पीयूचा हार्डनर श्वासात गेला तर दमा जडू शकतो, त्यामुळे गच्चीवर स्वतः मारायचा विचार सोडा. साधा कापडी मास्क त्याला अडवत नाही.

रोजची चालवायची स्टीलची सायकल असेल तर पावडर. संग्रहात ठेवायची, रेघांची, नाजूक सायकल असेल तर ओला रंग. इतकं सोपं.

शेडमध्ये गेल्यावर काय बोलायचं?

लक्षात घ्या, त्यांच्या दारात कंपनीचा टेम्पो उभा असतो, हजार ब्रॅकेटची ऑर्डर असते. तुमची एक फ्रेम म्हणजे त्यांच्यासाठी खोळंबा. रंग बदलायचा तर गन आणि बूथ पूर्ण साफ करावं लागतं. खर्च पावडरपेक्षा त्या सफाईचा जास्त. म्हणून विचारा, "काळा कधी चालू आहे?" त्या लॉटमध्ये तुमची फ्रेम टांगली की काम स्वस्तात आणि आनंदानं होतं. वेगळाच रंग हवा असेल तर दोन-तीन मित्रांच्या फ्रेम एकत्र न्या.

रंगाचं नाव "गडद हिरवा" असं सांगू नका. रालचा नंबर सांगा. ही जर्मनीत १९२७ साली सुरू झालेली रंगांच्या क्रमांकांची पद्धत आहे आणि इथल्या प्रत्येक शेडमध्ये तिचं शेडकार्ड असतं. ९००५ म्हणजे गर्द काळा, ६००५ म्हणजे शेवाळी हिरवा. नंबर सांगितला की वाद मिटला.

आणि कागदावर, चलनावरच, या गोष्टी लिहून द्या:

पावडर प्युअर पॉलिएस्टर हवी. एपॉक्सी पावडर गंजाला भारी असते पण उन्हात तिच्यावर पांढरी भुकटी धरते. घरातल्या कपाटाला चालते, सायकलला नाही.

आटे, डोक्याच्या नळीची दोन्ही तोंडं आणि सीटच्या नळीचा आतला भाग झाकायचा. यासाठी उष्णता सोसणारी टेप आणि सिलिकॉनचे बूच असतात. नसतील तर जुने, टाकाऊ कप आणि बोल्ट आट्यात फिरवून द्या. आट्यात रंग गेला की नवा कप बसत नाही.

कोटिंगच्या आधी फ्रेम एकदा रिकामी भाजायची. नळ्यांच्या आत शिरलेलं वर्षानुवर्षांचं तेल तेव्हाच बाहेर येतं.

थर ६० ते ८० मायक्रॉनच्या आसपास. मोटार कंपन्यांचं काम करणाऱ्या शेडमध्ये जाडी मोजायचं यंत्र असतं. तुमच्यासमोर लावायला सांगा, कुणी नाही म्हणत नाही.

भावाचा आकडा मी मुद्दाम सांगत नाहीये, कारण पावडरचे दर बदलत राहतात. पण ब्लास्टिंग, कोटिंग आणि मास्किंग यांचे पैसे वेगवेगळे विचारून घ्या. "सगळं मिळून एवढे" म्हटलं की मास्किंगच गाळलं जातं.

घरी आणल्यावर

पावडर थंड झाली की पक्की. पण रंग फक्त बाहेरून असतो, गंज आतूनही येतो. नळ्यांच्या आत थोडं तेल सोडा आणि फ्रेम सगळ्या बाजूंनी फिरवा. पॅडलच्या खोबणीला खाली पाणी निघायचं भोक असेल तर ते रंगानं बुजलंय का बघा. प्रत्येक आट्याला ग्रीस लावूनच जोडणी करा. बिल्ला परत बसवा. सोनेरी रेघ हवी असेल तर हातानं नंबरप्लेट रंगवणारे जुने पेंटर अजून आहेत, त्यांना गाठा. स्टिकरपेक्षा त्यांच्या ब्रशची रेघ शंभर पट भारी.

आणि पहिल्या महिन्यात दुरुस्त केलेला जोड आठवड्यातून एकदा टॉर्चनं बघा. कान उघडे ठेवा. आवाज आला की कॉटर पिनवर ढकलून मोकळं व्हायचं नाही.

आमची सायकल आता ९००५ काळी आहे. चेन कव्हर मात्र रंगवायला दिलं नाही. त्यावर बाबांचं नाव आहे, पिवळ्या रंगात, शेवटचं अक्षर जागा कमी पडल्यानं आक्रसलेलं. कोटिंगवाले दादा म्हणाले होते, "हेही टाका, फुकट करून देतो." बाबा म्हणाले, "नको, तेवढं राहू द्या."

रोज सकाळी ते इंद्रायणीच्या पुलापर्यंत जाऊन येतात. एक तक्रार आहे, ती आईची. सायकल आता आवाजच करत नाही, त्यामुळे बाबा आले की नाही ते दार उघडेपर्यंत कळत नाही. मग बाबांनी हँडलला नवी घंटी लावली. गल्लीच्या तोंडाशी दोनदा वाजवतात.

तर मंडळी, पार्किंगमध्ये जा, कुंडी उतरवा आणि मोबाइलचा टॉर्च तिरपा धरून एकदा जोड बघा. रंगाचं नंतर बघू. भेटूया पुढच्या भागात. सांभाळून चालवा!